दिवा धरणारी

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, भटजींनी आवाज चढवला आणि नेमका तेव्हाच जनरेटरने दोन आचके देऊन मान टाकली. मांडवात गुडुप अंधार झाला. लोकांच्या मुठीत अक्षता तशाच राहिल्या, अंतरपाट धरणाऱ्यांना तो खाली घ्यावा की नाही कळेना, आणि मग ज्याला त्याला एकदम ओरडायचं सुचलं.

गाव गंगापूरच्या अलीकडचं, लग्न नानासाहेबांच्या पुतणीचं. फोटोचं काम देवगाव रंगारीच्या बद्रीनाथकडे होतं. स्टेजच्या कडेला त्याची थोरली बहीण चतुराबाई हॅलोजन धरून उभी होती. दिवा विझला तरी तिने हात खाली घेतला नव्हता. कित्येक वर्षांची सवय, लाइट गेली तरी हात जागचा हलू द्यायचा नाही, कारण ती परत येते तेव्हा अंतरपाट खाली गेलेला असतो आणि तो क्षण काही पुन्हा येत नाही.

मांडववाला बॅटरी घेऊन धावत आला. त्याने थेट हॅलोजनची वायर बोर्डातून उपसली, गोळा केली आणि चतुराबाईच्या पायावर फेकली.

“हजार वॅटचा बल्ब लावतेत भिकारडे! माझं मशीन जाळता का?”

“दुपारी तुमालाच इचारून लावला की,” बद्रीनाथ म्हणाला.

“इचारून लावला म्हणं! मला काय म्हाईत एवढा खाणारा आसंल?”

डीजेचे माणसाच्या उंचीचे खोके आणि ओळीने मांडलेले कूलर त्याच जनरेटरवर चालले होते. त्यांचं नाव कुणी काढलं नाही. डीजे नवरदेवाच्या मित्रांनी आणला होता आणि कूलरपुढे सोयरे बसले होते. उरला फोटोवाला.

नानासाहेब स्टेजवरून खाली उतरले. फेटा बांधलेला माणूस रागावला की जास्तच मोठा दिसतो. “फोटोवाल्या, माझ्या पोरीचा मुहूर्त गेला ना तुझ्या पायी. उचल तुझी खेटरं.”

मग पोरांनी दोघांना बाहेर ढकललं, त्यात कुणाचा तरी खांदा लागला आणि हॅलोजनचा तापलेला पत्रा चतुराबाईच्या मनगटाला चिकटला. कातडी सोलून निघाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर दिवा हातातून पडला असता. दोघं पायी रस्त्यापर्यंत आले, तेव्हा मागे जनरेटर सुरू झाला आणि टाळ्या वाजल्या. जेवून जा असं कुणी म्हणालं नव्हतं. मिळायचे ते पैसेही तिथेच राहिले.

चतुराबाई या धंद्यात आली ती काही कुणाच्या उपकाराने नाही. तिचा नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला, सासरच्यांनी महिनाभरात तिची पेटी बैलगाडीत टाकली, आणि ती बापाच्या, कडूबाच्या घरी परत आली. त्याच सुमाराला बद्रीनाथने एसटी स्टँडसमोर फोटोचं दुकान टाकलं होतं. दिवा धरायला ठेवलेले गडी टिकत नव्हते. हात भाजतो, पाय मोडतात, जेवण शेवटी. ज्या कामाला गावात माणूस मिळेना, ते घरातल्या विधवेला मिळालं. तिने ते उचललं आणि सोडलं नाही.

आणि एक गोष्ट होती, ती फक्त तिला ठाऊक होती. विधवा म्हणून तिला हळदीच्या पाटाजवळ जागा नव्हती, ओटीच्या वेळी तिला पाहून बायका पदर आवरायच्या. पण हातात दिवा असला की ती नवरीच्या हातभर अंतरावर उभी राहायची आणि कुणी काही म्हणायचं नाही. तिला वाटायचं, कामाचा मान आहे. गावाला तेवढी माणुसकी आहे. कडूबा गेला, घर बद्रीनाथचं झालं, चूल त्याच्या बायकोची, द्वारकाबाईची झाली, पण मांडवातली ती जागा चतुराबाईची होती.

लग्नसराई ऐन भरात होती आणि त्या वर्षी शेताकडे बघवत नव्हतं. पाऊस दोन सरी पडून गेला होता, कपाशी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. घरचे तिघं जण लोखंडी चिमटा लावून त्या वाळक्या पऱ्हाट्या उपटत होते. जमीन इतकी कडक की एकेका खोडाला सगळं अंग टाकावं लागे. चतुराबाईच्या मनगटाला द्वारकाबाईने कोरफड लावून फडकं बांधलं होतं. चिमटा दाबला की फडक्यावर पिवळं पाणी उमटायचं.

बद्रीनाथने सकाळपासून तीनदा घसा खाकरला होता. शेवटी बोलला.

“आक्का, आपुन स्टँड घिऊ. तीन पायाचा. त्याच्यावर फ्लॅश बसवायचा, म्होरं पांढरी छत्री. शहरातले समदे तसंच करतेत. हात भाजायला नको का उभं राहायला नको.”

“मंग म्या काय करू?”

“घरी बस की निवांत.”

चतुराबाईने चिमट्यात धरलेली पऱ्हाटी मुळासकट उपसली आणि त्याच्या पायाशी टाकली.

“निवांत! म्हंजी तुमी ताटात टाकसाल ते खायाचं आन भिताडाला टेकून बसायचं, व्हय ना?”

“आसं कोन म्हणलं?”

“तू म्हणला. आत्ता म्हणला. स्टँड जेवत नाय, स्टँडाला एसटीचं तिकिट लागत नाय, स्टँडाचं कपाळ कुणाच्या डोळ्यात खुपत नाय. सरळ बोल ना बद्री, आडून काहून बोलतो?”

द्वारकाबाई खाली मान घालून उपटत राहिली. तिला दोन्हीकडचं कळत होतं आणि दोन्हीकडचं बोलायची चोरी होती.

“नानासाहेबानं चार गावात बोंब मारली,” बद्रीनाथ चिडून म्हणाला. “हॅलोजनवाला नको म्हणतेत लोकं. आता सोताच्या बॅटरीवर चालणारं कायतरी पायजेच. छत्रीचं सामान जुनं मिळालं तर स्वस्तात बसतंय. दुसरं मला झेपत नाय.”

“माझ्या दोन शेळ्या हायत. त्या इकते म्या.”

“आक्का...”

“पण दिवा म्या निवडणार. आन धरणार बी म्याच.”

सोमवारी शेळ्या गेल्या. काळी शेळी दावं सोडताना चतुराबाईच्या लुगड्याचा काठ चावत होती. तिने तो तिच्या तोंडातून सोडवला आणि गिऱ्हाइकाकडे पाठ केली. मंगळवारी बहीणभाऊ जुना हॅलोजन पोत्यात गुंडाळून एसटीने औरंगाबादला गेले.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत नवाबभाईचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक माणूस आडवा झाला तर भरेल एवढी खोली. नवाबभाईने पोत्यातला हॅलोजन बघून हात जोडले.

“ये तो अब भंगारवाला भी नक्को बोलता भाई. वापस लेको जाव.”

मग त्याने एकेक वस्तू काउंटरवर मांडली. आधी स्टँड, फ्लॅश आणि छत्री. बद्रीनाथचे डोळे चमकले. किंमत बेताची होती आणि वस्तू शहरी दिसत होती. चतुराबाईने छत्री उघडून फुंकर घातली. छत्री हलली.

“मांडवात वारा सुटतो,” ती म्हणाली. “पोरं पळतेत. हळद खेळताना बाया एकमेकीला ओढतेत. ह्याचा पाय कोन धरून बसणार?”

“वीट ठेवायची पायावर,” बद्रीनाथ म्हणाला.

“आन नवरी पाटावरून तुळशीकडं गेली की? ईट उचलून पळशील का फोटू काढशील?”

नवाबभाई हसला नाही. तो धंदेवाईक माणूस होता, भांडण कुठे चाललंय ते त्याला कळलं. त्याने कपाटातून पाटीएवढा चपटा एलईडी दिवा काढला. मागे बॅटरी खुपसायची जागा, खाली मूठ. छत्रीच्या सामानापेक्षा बराच महाग.

“ये देखो आपा. गरम नाय होत. जनरेटरची कटकट नाय. दोन बॅटऱ्या घ्या, एक चालते तवर दुसरी भरून ठेवा. हळद, लग्न, समदं निघतं.”

चतुराबाईने दिवा घेतला आणि हात लांब करून उभी राहिली. जराही हलली नाही. दोन गिऱ्हाइकं आली, तिच्याकडे बघून बाजूने गेली. बद्रीनाथला लाज वाटू लागली. हात भरून आला तेव्हा तिने तो खाली घेतला आणि दिव्याच्या पाठीला गाल लावून बघितला. गार होता.

“पन नवरीच्या डोळ्यात जातो ह्यो बी,” ती म्हणाली.

“सीधा मुँह पे मारायचाच नाय,” नवाबभाई म्हणाला. त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दिवा तिच्या हातातून घेतला आणि पाठीमागच्या चुना लावलेल्या भिंतीकडे फिरवला. उजेड भिंतीवर गेला आणि तिथून परत सगळ्यांवर आला. बद्रीनाथच्या हनुवटीखालची सावली गेली, नवाबभाईच्या दाढीतला एकेक पांढरा केस दिसू लागला. “देखो. पांढरी भिंत शोधायची बस.”

चतुराबाई त्या उजेडात बराच वेळ उभी राहिली. इतकी वर्षं हॅलोजनपुढे डोळे चोळणाऱ्या, काजळ पसरलेल्या नवऱ्या तिला आठवल्या. त्रास होतो का, असं कुणी त्यांना विचारलं नव्हतं आणि तिलाही.

“ह्योच,” ती म्हणाली.

देवगावातच आप्पासाहेबांच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. आप्पासाहेबांनी एकदा फोटोवाला बरा म्हटला की आसपासची दहा लग्नं मिळायची आणि वाईट म्हटला की तितकीच जायची. जनरेटर दुसऱ्या दिवशी लग्नाला यायचा होता. हळदीच्या दिवशी दिवेलागणीलाच लोडशेडिंग सुरू झालं. अंगणात दोन कंदील टांगले होते आणि पाटाभोवती समया होत्या.

घराला लग्नाचा चुना नुकताच लागला होता. चतुराबाईने पाटाजवळ जागा धरली, दिवा भिंतीकडे फिरवला आणि बटण दाबलं. सगळं अंगण एकसारखं उजळलं. बायका “अगं बाई” म्हणाल्या. हळदीचा रंग हळदीसारखा दिसला, नवरीच्या गालावरची लव दिसली. बद्रीनाथने कॅमेऱ्यात बघितलं आणि मान वर करून बहिणीकडे बघून हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

नवरी डोळे उघडे ठेवून बसली होती. तिला कौतुक वाटलं. “आक्का, आज डोळे चुरचुरत नायत वो. माझ्या थोरल्या भैनीच्या हळदीत तुमच्या त्या दिव्यानं ती रडू लागली व्हती.”

एवढंच ती म्हणाली. बिचारी भलं बोलायला गेली.

हळदीचं पातेलं धरून उभी असलेली वच्छलाबाई, आप्पासाहेबांची बहीण, वळली. हळद लावण्यापासून ओटी भरण्यापर्यंत त्या घरात तिचा शब्द चाले. तिने चतुराबाईकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितलं. भिंतीवरून आलेला उजेड नवरीवर पडत होता तसाच दिवा धरणारीवरही पडत होता. मोकळं कपाळ, मोकळा गळा, मनगटावरचं फडकं, सगळं लख्ख दिसत होतं.

“थोरलीच्या हळदीला तू व्हतीस?”

“व्हते की. समद्यांच्याच हळदीला आसते.”

“हितं? पाटापशी?”

चतुराबाई उत्तर देणार तोच वच्छलाबाईने पातेलं खाली आदळलं. “आता कळलं! आता कळलं माझ्या पोरीचं वाटुळं काहून झालं. लेक दोन वर्सात माघारी आली आन आमी देवऋषी धुंडाळतोय. ही रांड इथं पाटाला पाय लावून उभी व्हती!”

एकीने नवरीला मागे ओढलं. दुसरी पदराने नवरीच्या अंगावरचा उजेड झटकू लागली, जणू तो अंगाला चिकटला होता.

माजघराच्या दारात थोरली उभी होती. हळदीला तीही बाहेर येत नव्हती, नवऱ्याने टाकलेली म्हणून. तिथूनच ती म्हणाली, “आत्या, त्यो दारू पिऊन मारीत व्हता मला. त्याला काय चतुराआक्कानं दिवा दावला?”

“तू आत हो!” वच्छलाबाई ओरडली. थोरली आत गेली नाही, चौकट धरून तिथेच उभी राहिली. आप्पासाहेब ओट्यावर होते. त्यांनी पान लावता लावता बद्रीनाथकडे फक्त बघितलं. त्यांना तेवढं पुरे असतं.

बद्रीनाथ पाटाजवळ आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, “आक्का, दे. कुण्या सवाष्णीपाशी दे दिवा. पाच मिन्टाचं काम हाय.”

चतुराबाईला वच्छलाबाईचा राग आलाच होता. पण या वाक्याने तिच्या अंगाची लाहीलाही झाली. परकी बाई रांड म्हणाली ते एक वेळ गिळता आलं असतं. पाठच्या भावाने दिवा सवाष्णीकडे दे म्हणावं, तेही विनवणीच्या सुरात, सगळ्यांसमोर, हे घशाखाली उतरेना.

“काळी शेळी माझी व्हती, बद्री,” ती म्हणाली. “सवाष्णीची नव्हती.”

तिने बटण बंद केलं. अंगणात पुन्हा कंदिलाचा अंधुकपणा पसरला. कुणीतरी मोबाइलची बॅटरी लावली, तो भुरका ठिपका भिंतीवर नाचू लागला. चतुराबाई दाराबाहेर गेली, तिथे तिने दिवा पुन्हा लावला आणि रस्त्यावर धरून चालू लागली. लोडशेडिंगमध्ये दारात बसलेली माणसं उठून बघत होती. तिने दिवा कुणापासून लपवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात पऱ्हाट्या मोडून जळण रचत होती. बद्रीनाथ बाहेर आला. त्याच्या हातात जुना हॅलोजन होता, पुसून लख्ख केलेला. द्वारकाबाई उंबऱ्यात थांबली.

“आप्पासाहेबाचा सांगावा आला,” तो म्हणाला. “लग्नाला ये म्हणले. आक्काला बी घिऊन ये म्हणले.”

चतुराबाईने मान वर केली.

“वच्छलाबाईचं काय?”

“त्यांचं बी काय म्हणणं नाय. फकस्त...” त्याने हॅलोजनकडे बघितलं. “जुना आण म्हणले. जनरेटरवर डीजे नाय लावणार, लोडचं ते बघतील. त्या दिव्याकडं कुणाला बघवत नाय ना, मंग मागं कोन उभं हाय ते दिसत नाय. म्हणले, दिसलं नाय म्हंजी झालं.”

चतुराबाईच्या हातातली पऱ्हाटी मोडली नाही, नुसती वाकली.

मान नव्हता. माणुसकी नव्हती. इतकी वर्षं तिने हात भाजून घेतला, सगळ्यांच्या शेवटी गार वरण खाल्लं आणि घरी येऊन मनाशी म्हटलं की गाव आपल्याला उभं राहू देतं. गावाला ती दिसलीच नव्हती. आंधळं करणाऱ्या दिव्यामागे एक हात होता, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आणि आता दिसली तर तोच दिवा पुन्हा लावा म्हणतात, आणि भाऊ तो पुसून आणतो.

“तू काय म्हणलास?” तिने विचारलं.

“काय म्हणणार? येतो म्हणलो. मोसम जाईल ना आक्का.”

ती उठली. घरात गेली आणि नवा दिवा आणि बसायचा पाट घेऊन आली. घराच्या एका भिंतीला गेल्या दिवाळीचा चुना होता. तिने तिथे पाट टाकला आणि दिवा द्वारकाबाईपुढे धरला.

“द्वारके, धर.”

“म्या?”

“सवाष्ण पायजे ना दिवा धरायला? तू हायस की. भिताडाकडं तोंड कर त्याचं. हां. हात खाली नको घिऊ.”

द्वारकाबाईने नवऱ्याकडे बघितलं, मग दिवा धरला. चतुराबाई पाटावर बसली, तोंड पदराने पुसलं आणि पदर कपाळावरून मागे सारला.

“बद्री, कॅमेरा आण. माझा फोटू काढ.”

“आक्का, आत्ता?”

“हजार नवऱ्या पोरींच्या हातभर अंतरावर उभी राहिले. एका फोटूत म्या नाय. काढ. कपाळ समदं दिसू दे.”

“आन काय करायचं त्याचं?”

“दुकानाच्या काचंत लाव. मदोमद. आपल्याला ज्याला बोलवायचं, त्यानं ते बघून बोलवावं.”

“आन आप्पासाहेब?”

“त्यानं बी.”

बद्रीनाथ हॅलोजन धरून उभाच राहिला. द्वारकाबाईचा हात थरथरू लागला, भिंतीवरचा उजेड हलला. चतुराबाई हलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि तिने ते आणायचा प्रयत्नही केला नाही.

“काढा की वो,” द्वारकाबाई नवऱ्यावर खेकसली. लग्न झाल्यापासून ती कधी त्याच्यावर खेकसली नव्हती. “हात मोडून आला माझा. आक्कानं रोज कसा धरला आसंल?”

त्याने हॅलोजन जळणाच्या ढिगावर ठेवला आणि कॅमेरा आणायला गेला.

दुपारी एसटी स्टँडसमोरच्या काचेत नवरानवरीच्या जोड्यांमध्ये एक मोठा फोटो लागला. मोकळ्या कपाळाची, मनगटाला फडकं बांधलेली बाई सरळ समोर बघत होती. लग्नाला उतरणारे पाहुणे थांबून बघत होते आणि एकमेकांना काही विचारत होते. आप्पासाहेबांचा माणूस मोटारसायकलवर आला, हॅलोजन किती वाजता येणार म्हणून विचारायला. बद्रीनाथ काउंटरवर मान खाली घालून लेन्स पुसत होता. त्याचे कान लाल झाले होते. त्याने मान वर केली नाही, फक्त काचेकडे बोट दाखवलं.

माणूस काचेसमोर उभा राहिला, मग मोटारसायकलला किक मारून निघून गेला. तो आप्पासाहेबांना काय सांगणार होता कोण जाणे. आत लाइट आली होती आणि चतुराबाई दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावत होती.